पार्श्वसंगीत की पुरावा?

माहितीपटात जुनी चित्रं, इमारती दिसू लागल्या की मागे व्हायोलिन वाजतंच. बहुतेकदा ते नुसतं तोंडीलावणं! पण १९६९ साली बीबीसीवर आलेल्या केनेथ क्लार्क यांच्या १३ भागांच्या 'सिव्हिलायझेशन'मधला नववा भाग वेगळा. त्यात बाख, हँडल, हायडन, मोझार्ट हीच मुख्य पात्रं, आणि जर्मनीतली बाल्टाझार नॉयमानची वास्तुकला म्हणजे जणू त्याच सुरांची भावंडं.

ऐकताना पटतं हो! मग शंका येते... बाख लुथरपंथी, १७५० मध्ये वारला. नॉयमानचं फिअरत्सेनहायलिगनचं चर्च कॅथलिक, १७४३ मध्ये सुरू झालेलं. हे नातं इतिहासातलं, की आपल्या कानांनी जुळवलेलं? शब्दांतला दावा आपण तपासून घेतो, सुरांतला मात्र मान डोलावत मान्य करतो. म्हणून असा भाग एकदा आवाज बंद करूनही बघावा, असं मला वाटतं.