अक्षरांच्या आत छायाचित्र : ‘क्लिपिंग मास्क’चा वापर

‘नागपूर’ या चार अक्षरांत संत्री ठासून भरलेली दिसावीत, शिरोरेखेवर सालीचा खडबडीतपणा उमटावा आणि अक्षरांबाहेर मात्र कागद कोराच राहावा, अशी रचना निमंत्रणपत्रिकांवर, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर आणि चौकातल्या फलकांवर आपण अनेकदा पाहतो. ती कात्रीने कापून केलेली नसते. फोटोशॉपसारख्या चित्रसंपादन प्रणालीतील ‘क्लिपिंग मास्क’ या सुविधेचे हे काम. शिकायला ती पाच मिनिटांची आहे. मराठी अक्षरांवर ती नीट चालवणे मात्र तेवढे सोपे नाही.

रांगोळीचा पत्र्याचा छापा आठवावा. छाप्याला जिथे भोके आहेत तिथेच रांगोळी जमिनीवर पडते. क्लिपिंग मास्कमध्ये खालचा स्तर, म्हणजे लेयर, हा छापा असतो आणि वरच्या स्तरावरचे छायाचित्र ही रांगोळी. खालच्या स्तरावर जिथे अक्षर आहे तिथेच वरचे चित्र दिसते, बाकीचे झाकले जाते. फरक इतकाच, की इथली रांगोळी पडल्यावरही सरकवता येते. चित्र पुसले गेलेले नसते, केवळ लपलेले असते. त्यामुळे ते हवे तसे हलवून, लहानमोठे करून अक्षरांत बसवता येते. मजकूरही मजकूरच राहतो. ‘नागपूर’च्या जागी ‘अमरावती’ टाइप केले, तर तेच चित्र नव्या अक्षरांत जाऊन बसते.

फोटोशॉपमध्ये स्तरांची सोय १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत आली. छपाईत हा विचार त्याहून जुना आहे. ऑफसेटच्या काळात अक्षरांची निगेटिव्ह आणि छायाचित्राची फिल्म एकमेकांवर बसवून हाच परिणाम साधत असत, आणि एक अक्षर बदलायचे तर सारे पुन्हा करावे लागे.

प्रत्यक्ष कृती अशी. नवी फाइल उघडून जाड वळणाच्या टंकात शब्द टाइप करावा. छायाचित्र त्या मजकुराच्या अगदी वरच्या स्तरावर आणावे. मध्ये दुसरा स्तर असता कामा नये. मग छायाचित्राचा स्तर निवडून ‘लेयर’ मेन्यूतील ‘क्रिएट क्लिपिंग मास्क’ ही आज्ञा द्यावी, अथवा ऑल्ट, कंट्रोल आणि जी या कळा एकत्र दाबाव्यात. लेयर्स पॅनेलमध्ये छायाचित्राच्या शेजारी खाली वळलेला छोटा बाण दिसू लागतो आणि मजकुराच्या स्तराचे नाव अधोरेखित होते. काम झाले. एकाच मजकुरावर असे अनेक स्तर चढवता येतात. छायाचित्राच्या वर ‘कर्व्हज’चा स्तर ठेवून त्यालाही क्लिप केले, की उजेड-अंधार फक्त अक्षरांपुरताच बदलतो. सावली, कडेची रेषा असे परिणाम मात्र खालच्या मजकुराच्या स्तराला द्यावेत, कारण कडा त्याच्या आहेत.

खरी कसोटी यानंतर सुरू होते. एकदा ‘विदर्भ’ हा शब्द टाइप करून पाहावा. त्यात ऱ्हस्व वेलांटी आहे आणि रफारही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी टाइप केले, की वेलांटी ‘व’च्या मागे जाऊन बसे आणि रफाराऐवजी पाय मोडलेला ‘र’ सुटा उभा राही. ‘दीक्षाभूमी’तला ‘क्ष’ही असाच फुटत असे. पुढे सीसी आवृत्त्यांत यावर उपाय आला. ‘प्रेफरन्सेस’मधील ‘टाइप’ या भागात ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ हा पर्याय निवडायचा आणि परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेन्यूत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ लावायचा. अलीकडच्या आवृत्त्यांत पहिली पायरी लागत नाही, दुसरी मात्र तपासून घ्यावी. ‘विदर्भ’ नीट उमटला, तर बहुतेक शब्द नीट उमटतील. हाच शब्द मोडलेल्या अवस्थेत छापलेला फलक विदर्भाच्याच राजधानीसारख्या शहरात टांगला जावा, हे काही शोभत नाही.

अनेक डीटीपी केंद्रांनी या अडचणीवर श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या, युनिकोडपूर्व टंकांचा मार्ग काढला. त्यांत अक्षरे नीट जुळतात, पण प्रत्येक काना, मात्रा आणि वेलांटी हा स्वतंत्र तुकडा असतो आणि शिरोरेखेचे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. काळ्या शाईत हे कळत नाही. कोरलड्रॉमध्ये अशा मजकुराच्या वक्ररेषा करून, त्या ‘कम्बाइन’ करून त्यांत ‘पॉवरक्लिप’ने छायाचित्र भरले, की जिथे दोन तुकडे एकमेकांवर चढले आहेत तिथे नेमकी पांढरी भोके पडतात. नुसती कडेची रेषा दिली तरी प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेखा चिरल्यासारखी दिसते. रस्त्यावरच्या फ्लेक्सवर हा दोष इतका सर्रास आढळतो की लोकांना ती शैलीच वाटत असावी. उपाय सोपा आहे : वक्ररेषा केल्यानंतर ‘वेल्ड’ची आज्ञा देऊन तुकडे एकसंध करावेत, मगच चित्र भरावे. फोटोशॉपमध्ये रेषा संपूर्ण स्तराच्या कडेने जाते, म्हणून हा प्रश्न तिथे उद्भवत नाही.

शिरोरेखा ही अडचण जशी, तशी सोयही. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर ही सुटी खिडकी. आपला शब्द ही एकच सलग आकृती. आडवे दृश्य, म्हणजे अंबाझरीचे पाणी किंवा फुटाळ्याची संध्याकाळ, देवनागरी शब्दात फार सुरेख मावते. मात्र अक्षरांतील अंतर वाढवण्याचा मोह टाळावा. ते वाढले की शिरोरेखा तुटते.

टंक जाडच हवा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ संगणकावर वाचण्यासाठी उत्तम, पण त्याच्या रेघांत चित्र ओळखू येण्याइतकी जागाच नाही. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा ‘मोदक’ जणू याच कामासाठी जन्मला आहे. त्याची अक्षरे इतकी गुबगुबीत, की आतल्या पोकळ्या रेघेएवढ्याच उरतात. त्याच संस्थेचा ‘बलू’ जरा सौम्य. दोन्ही विनामूल्य आणि मुक्त परवान्याचे आहेत, आणि चोरीचे टंक वापरण्यास त्यामुळे सबब उरत नाही.

चित्र कोणते घ्यावे? संत्र्यांचा ढीग उत्तम, कारण तो कुठेही कापला तरी संत्र्यांचाच ढीग राहतो. झिरो माइलचा दगडी स्तंभ आणि त्याचे चार घोडे मात्र अक्षरांत हरवतात. स्तंभ नेमका दोन काने सोडून मोकळ्या जागेत जातो. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा घुमट पांढरा आहे. पांढऱ्या कागदावर तो अक्षरांत भरला, की अक्षराची कडाच विरघळते आणि शब्द अर्धा दिसेनासा होतो. तिथे गडद निळी पार्श्वभूमी घ्यावी किंवा मजकुराला बारीक रेषा द्यावी. माणसांचे चेहरे शक्यतो घेऊच नयेत. मारबतीच्या मिरवणुकीतली गर्दी चालेल, पण पूज्य व्यक्तीचे छायाचित्र अक्षरांच्या पोकळीत डोळा किंवा हनुवटी कापली जाईल अशा रीतीने बसवणे तंत्राने शक्य असले, तरी औचित्याला धरून नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या फलकावर बाबासाहेबांचे छायाचित्र पूर्ण आणि स्वतंत्रच असावे, अक्षरांत स्तूपाचा किंवा बोधिवृक्षाच्या पानांचा पोत घ्यावा.

छपाईचे गणितही आधीच करावे. सात बाय पाच इंचांची पत्रिका ३०० च्या घनतेने छापायची तर फाइल २१०० बाय १५०० पिक्सेलची लागते. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेले छायाचित्र आकसलेले असते, ते पुरत नाही. मूळ फाइलच मागवावी. फ्लेक्स दुरून पाहिला जातो, म्हणून त्याला प्रत्यक्ष आकारात ७२ ते १०० ची घनता चालते. पडद्यावर झळाळणारा नारिंगी रंग छपाईच्या चार शाईंत उतरताना मंद होतो. संत्र्याच्या बाबतीत हे फारच जाणवते. फाइल सीएमवायकेमध्ये बदलून, पिवळा आणि गुलाबी यांचे प्रमाण पाहून, एक नमुना कागदावर काढून घ्यावा.

फोटोशॉप विकत घेणे परवडत नसेल तर गिंप ही मुक्त प्रणाली आहे. तिच्यात मराठी युनिकोड कोणत्याही खटपटीविना नीट जुळते. मजकुरावर ‘अल्फा टू सिलेक्शन’ करून ती निवड छायाचित्राच्या स्तराला लेयर मास्क म्हणून द्यावी. परिणाम तोच मिळतो. शब्द बदलला तर मास्क मात्र पुन्हा करावा लागतो. इंकस्केपमध्ये उलटे आहे. तिथे मजकूर छायाचित्राच्या वर ठेवून, दोन्ही निवडून ‘ऑब्जेक्ट’ मेन्यूतील ‘क्लिप’ वापरायचे असते. फोटोशॉपची सवय झालेल्यांना पहिल्या दिवशी नेमके हेच चकवते.