ठोकळवाडीचे धरण आणि अभियंत्याचे उत्तरदायित्व

१/ ‘आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी’ हे नाव वाचून अनेकांना आंध्र प्रदेश आठवतो. प्रत्यक्षात ते पुणे जिल्ह्यातील आंद्रा नदीवरून पडले. टाटा समूहाने १९१६ मध्ये स्थापलेल्या या कंपनीने आंदर मावळात ठोकळवाडीचे धरण बांधले. अभियंता नेमका कोणाला उत्तरदायी असतो, हा प्रश्न या धरणाच्या निमित्ताने तपासता येतो.

२/ आंदर मावळ सह्याद्रीच्या माथ्यालगत आहे. आंद्रा पूर्वेकडे वाहत इंद्रायणीला मिळते. ते पाणी पुढे भीमा आणि कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरात जाते. पश्चिमेस मात्र कडा तुटून पाचशे मीटरांहून अधिक खाली कोकण लागते. पूर्ववाहिनी पाणी अडवून कड्यावरून उतरवले, तर वीज मिळते. लोणावळ्याच्या तलावांवर चालणाऱ्या खोपोली वीजगृहाने १९१५ मध्ये हे सिद्ध केले होते.

३/ १९२२ मध्ये ठोकळवाडीचे पाणी बोगद्यातून कर्जतजवळच्या भिवपुरी वीजगृहात उतरले आणि मुंबईला आणखी वीज मिळू लागली. सुमारे ५९ मीटर उंचीची ती दगडी भिंत शतकानंतरही उभी आहे.

४/ भिंत टिकणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. याच जिल्ह्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. काम अपुरे असतानाच त्यात पावसाचे पाणी साठले होते. पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले आणि पुणे शहरात हाहाकार उडाला. भिंतीखालच्या वस्तीचे रक्षण हे अभियंत्याचे पहिले कर्तव्य होय.

५/ परंतु भिंतीच्या वरच्या अंगालाही माणसे असतात. तलावाची पूर्ण पातळी ठरली की नकाशावर एक रेषा उमटते. तिच्या आत कोणाची भातखाचरे आणि कोणाची घरे येणार, हे आखणी करणाऱ्याला सर्वांआधी कळते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीचा पैशातील मोबदला होता. पुनर्वसनाची तरतूद नव्हती.

६/ व्यवसायाची आचारसंहिताही याबाबत मुकी होती. अमेरिकेतील सिव्हिल अभियंत्यांच्या संस्थेने १९१४ मध्ये स्वीकारलेल्या संहितेत मालकाशी निष्ठा आणि सहव्यावसायिकांशी सचोटी यांचे नियम होते. जनतेच्या हिताचे कलम नव्हते.

७/ ठोकळवाडीपाठोपाठ मुळशीची पाळी आली. १९२१ च्या रामनवमीला तेथे सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले होते, तेही अभियांत्रिकी शिकण्यासाठी! याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. धरण मात्र पूर्ण झाले. बापटांना दीर्घ कारावास भोगावा लागला.

८/ मावळ्यांचा विरोध विजेला नव्हता. मुंबईचा लाभ मोजणाऱ्या हिशेबात आपल्या पिढीजात जमिनीचे मोल कोणी आणि कसे ठरवले, हा त्यांचा प्रश्न होता. पर्जन्यमान, पाण्याचा दाब आणि बांधकामाचा खर्च यांसाठी सूत्रे उपलब्ध होती. या प्रश्नासाठी नव्हती.

९/ उत्तर फार उशिरा येऊ लागले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा १९७६ चा. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी संस्थेने जनतेची सुरक्षितता, आरोग्य आणि कल्याण यांना सर्वोच्च स्थान दिले ते १९७७ पासून. तोवर ठोकळवाडीच्या भिंतीला अर्धशतक उलटून गेले होते.

१०/ त्या काळच्या अभियंत्यांनी कायदा मोडला नाही, कामातही कसूर केली नाही. म्हणूनच हे उदाहरण बोलके आहे. कायदा आणि संहिता गप्प असल्या, तरी पाण्याची रेषा आखणाऱ्याला तिच्या आतले गाव दिसत असते. ते दिसल्यावर योग्य ठिकाणी सांगणे, हाही त्याच्या व्यवसायाचा भाग आहे.