क्रम पडद्यावरचा आणि क्रम तबकडीवरचा

जुन्या डॉस संगणकांवर डिरेक्टरीतल्या फाइलींचा क्रम लावून देणारे छोटे प्रोग्राम आजही काही जण लिहितात, सुधारतात, जपतात. नॉर्टन युटिलिटीजमधला 'डीएस' हा त्या घराण्यातला नावाजलेला पूर्वज. हे काम आता निरर्थक झाले आहे, असे मत जाणकारांतही रूढ आहे. ते मत अडाण्यांचे नाही. म्हणून आधी ते पुरत्या बळाने मांडतो.

पूर्वपक्ष असा. एक, १९९१ साली डॉस ५ आले आणि 'डीआयआर' या आज्ञेला '/ओ' हा पर्याय मिळाला. नाव, प्रकार, तारीख, आकार, हव्या त्या क्रमाने यादी पडद्यावर येऊ लागली. मग तबकडीला हात लावायचे कारणच काय? दोन, क्रम लावणे हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा स्वाध्याय आहे. त्यात विद्या ती कोणती? तीन, प्रोग्राम झिजत नाही, गंजत नाही, आणि तो ज्या यंत्रासाठी लिहिला ते यंत्रही आता बदलायचे नाही. मग देखभाल कशाची करायची?

एक गोष्ट या पक्षाला आधीच देऊन टाकतो. नावाने क्रम लावला की फाइल लवकर सापडते, हा जुन्या जाहिरातींतला दावा खरा नव्हता. डॉस नाव शोधतो ते पहिल्या नोंदीपासून एकेक पाहत. रांग क्रमाने लागली आहे हे त्याला ठाऊकच नसते. थोडा वेग मिळतो तो पुसलेल्या नोंदी मागे सारून रांग आखूड केल्यामुळे, किंवा नेहमीच्या उपडिरेक्टऱ्या पुढे आणल्यामुळे. तेव्हा वेगाचा कैवार मी घेत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे आणि ते समजायला डिरेक्टरीची घडण थोडी पाहावी लागेल.

फॅट पद्धतीत डिरेक्टरी म्हणजे ३२ बाइटांच्या नोंदींची रांग. पहिल्या ११ बाइटांत नाव, बाराव्यात गुणधर्म, शेवटच्या दहांत वेळ, तारीख, पहिला क्लस्टर आणि आकार. ५१२ बाइटांच्या एका सेक्टरात अशा १६ नोंदी मावतात. ३६० केबीच्या फ्लॉपीवर मूळ डिरेक्टरीला ११२ नोंदींची, म्हणजे ७ सेक्टरांची जागा असते. हार्ड डिस्कवर बहुधा ५१२ नोंदींची. फाइल पुसली की तिच्या नावाचे पहिले अक्षर जाऊन तिथे ई५ हा आकडा बसतो आणि ती जागा मोकळी समजली जाते. नवी फाइल आली की डॉस तिला पहिल्या मोकळ्या जागेत बसवतो. काही महिने असे गेले की रांग आगमनाच्या क्रमाची उरत नाही आणि नावाच्याही क्रमाची नसते.

आता पहिल्या मुद्द्याचे खंडन. 'डीआयआर /ओ' क्रम लावतो तो स्मृतीत, आणि तोही फक्त आपल्या डोळ्यांसाठी. ग्रंथालयाची यादी अकारविल्हे छापली म्हणून कपाटातली पुस्तके हलत नाहीत. इतर प्रोग्राम डॉसला विचारतात, 'पहिली फाइल दे', 'आता पुढची दे', आणि त्यांना उत्तर मिळते ते तबकडीवरच्या रांगेप्रमाणे. 'कॉपी *.*' याच रांगेने नकला करतो. ही गोष्ट डॉसबरोबर संपलेलीही नाही. गाडीतले अनेक म्युझिक प्लेयर आणि स्वस्त एमपी३ यंत्रे पेनड्राइव्हवरची गाणी याच रांगेने वाजवतात. लिनक्सवर 'फॅटसॉर्ट' नावाचा प्रोग्राम टिकून आहे तो याच गरजेमुळे. कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग केले आणि उत्तररंगाची नक्कल आधी झाली, तर अशा यंत्रावर आख्यान आधी आणि निरूपण मागून ऐकावे लागते. कोऱ्या पेनड्राइव्हवर क्रमाने नकला कराव्यात, हा तोडगा बरोबर आहे. पण तो पहिली फाइल पुसेपर्यंतच टिकतो. एनटीएफएसवर नावे मुळातच क्रमाने साठवली जातात. त्या पद्धतीवर वाढलेल्या पिढीला पडद्यावरचा क्रम आणि तबकडीवरचा क्रम एकच वाटतो, आणि पूर्वपक्षाचे मूळ या समजुतीत आहे.

दुसरा मुद्दा स्वाध्यायाचा. क्रम लावण्याचा भाग वीस-पंचवीस ओळींत संपतो, हे खरे. उरलेला सगळा प्रोग्राम काय हलवायचे नाही हे जाणण्यात जातो. उपडिरेक्टरीच्या पहिल्या दोन नोंदी, एक टिंब आणि दोन टिंबे, जागच्या जागी राहिल्या पाहिजेत. मूळ डिरेक्टरीत 'आयओ.एसवायएस' आणि 'एमएसडॉस.एसवायएस' यांना बूट सेक्टर पहिल्या दोन जागी शोधतो. अक्षरक्रमाच्या हट्टापायी त्या ढळल्या तर संगणक दुसऱ्या दिवशी सुरूच होणार नाही. पुसलेल्या नोंदी साफ केल्या तर रांग नीटनेटकी होते, पण चुकून पुसलेली फाइल परत आणण्याचा धागाही तुटतो, कारण आरंभीचा क्लस्टर आणि आकार त्याच नोंदीत शिल्लक असतात.

याहून घातक गोष्ट उघड्या फाइलींची आहे. फाइल उघडी असताना तिची नोंद कोणत्या सेक्टरात, कितव्या स्थानी आहे हे डॉस आपल्या तक्त्यात टिपून ठेवतो आणि फाइल बंद करताना नवा आकार आणि नवी तारीख त्याच स्थानी लिहितो. मधल्या वेळात कोणी रांग बदलली, तर हे आकडे दुसऱ्याच फाइलीच्या नोंदीत जाऊन बसतात. क्रम लावताना वीज गेली, तर एखादी नोंद दोन ठिकाणी उरते आणि एखादी कुठेच उरत नाही. एकाच मजकुरावर दोन नावे हक्क सांगतात आणि दुसरा मजकूर निनावी होतो. म्हणून चांगला प्रोग्राम सारी डिरेक्टरी आधी स्मृतीत घेतो, नोंदींची संख्या पुन्हा मोजतो, खरोखर बदललेले सेक्टरच लिहितो आणि शंका आली तर काही न लिहिता थांबतो. परक्याच्या दप्तरात हात घालणाऱ्याला ही शिस्त हवीच, आणि ती क्रम लावण्याच्या धड्यात शिकवलेली नसते.

तिसरा मुद्दा सर्वांत पटणारा आणि माझ्या मते सर्वांत चुकीचा. प्रोग्राम झिजत नाही हे मान्य. पण त्याच्या पायाखालची जमीन हलते. १९८३ साली डॉस २ ने उपडिरेक्टऱ्या आणल्या. १९८८ साली डॉस ४ ने ३२ एमबीची मर्यादा ओलांडली, तेव्हा सेक्टर थेट वाचण्या-लिहिण्याची जुनी पद्धत मोठ्या विभागांवर चालेना. १९९५ साली विंडोज ९५ ने लांब नावे आणली: मूळ नोंदीच्या आधी जादा नोंदी, प्रत्येकीत नावाची १३ अक्षरचिन्हे, उलट्या क्रमाने, आणि आखूड नावावरून काढलेली एक पडताळणी संख्या. हे न जाणणारा जुना प्रोग्राम त्या नोंदी सुट्या समजून विस्कटतो. फाइल वाचते, पण तिचे लांब नाव तिच्यापासून तुटते. १९९६ साली फॅट३२ आले आणि मूळ डिरेक्टरीची ठराविक जागाच गेली. तिथे जुन्या रकान्यात नोंदींची संख्या पाहिली तर ती शून्य मिळते.

यावर उत्तर येते की माझे यंत्र तर १९९० सालचेच आहे. पण हार्ड डिस्क निकामी झाल्यावर लोक त्याच यंत्रात मेमरी कार्ड बसवतात, आणि त्या कार्डावर नव्या संगणकाने लिहिलेली लांब नावे असतात. जुने यंत्र एकटे जगत नाही. त्या नावांत आता देवनागरीही असते. नुसत्या युनिकोड आकड्यांनी तुलना केली तर 'काळ' हा शब्द 'कावळा'च्या आधी येतो, कारण युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये आहे. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर. मराठी नावांचा क्रम मराठी रीतीने लागावा असे वाटत असेल, तर ते काम अशा प्रोग्रामची देखभाल करणाऱ्या मराठी माणसालाच करावे लागेल.

शिवाय काही दोष जन्मापासून दडलेले असतात. फॅटमध्ये तारीख १६ बिटांत बसते आणि तिचे वरचे सात बिट म्हणजे १९८० पासूनची वर्षे. वेळही १६ बिटांत, वरचे पाच बिट तासांचे. ही संख्या ऋणचिन्ह मानणाऱ्या प्रकारात, −३२,७६८ ते ३२,७६७ अशा पल्ल्यात, ठेवली की वेळेचा आकडा दुपारी चारला ऋण होतो आणि संध्याकाळची फाइल सकाळच्या आधी लागते. हा दोष रोज दिसतो, म्हणून सापडतो. तारीख आणि वेळ जोडून ३२ बिटांची तुलना करणाऱ्याला तो दिसत नाही. पण तारखेचा आकडा १ जानेवारी २०४४ रोजी ऋण होतो, आणि त्या दिवसापासूनच्या फाइली सर्वांत जुन्या ठरतात. तीसपस्तीस वर्षे बिनतक्रार चाललेला प्रोग्राम निर्दोष आहे असे म्हणता येत नाही. त्याची परीक्षेची तारीख अजून आलेली नाही, एवढेच म्हणता येते.

तेव्हा सिद्धान्त असा. तबकडीवरचा क्रम हा माहितीचाच भाग आहे. तो बदलणारा प्रोग्राम लहान असला तरी त्याची जबाबदारी मोठी आहे, आणि ती जबाबदारी लिहून संपत नाही, प्रत्येक नव्या माध्यमाबरोबर पुन्हा तपासावी लागते. ज्यांच्या हाती असा प्रोग्राम आणि त्याचा मूळ मजकूर आहे, त्यांनी २०४४ ची वाट पाहू नये. एका कोऱ्या फ्लॉपीवर आज एक फाइल करावी, मग संगणकाची तारीख १ जानेवारी २०४४ करून दुसरी करावी आणि तारखेने क्रम लावावा. दुसरी फाइल आधी आली, तर काम कुठून सुरू करायचे ते कळलेच.