निळ्या पंखांचा वाद

फुलपाखरास हात लावला असतां बोटांस जी पूड लागते, तिलाच आपण त्याचा रंग समजतों. ती पूड म्हणजे पंखांवरील सूक्ष्म खवले होत, आणि पुष्कळ फुलपाखरांचे रंग त्या खवल्यांतील रंगद्रव्याचेच असतात. दक्षिण अमेरिकेंतील मॉर्फो फुलपाखराची गोष्ट निराळी. त्याच्या झगझगीत निळ्या पंखांत निळें द्रव्य मुळींच नाहीं. ही गोष्ट सिद्ध व्हावयास जो काळ लागला, त्याचा इतिहास आम्हांस त्या रंगाइतकाच मनोरंजक वाटतो.

मोराचें पीस पाण्यानें भिजलें म्हणजे त्याचे रंग मावळतात, असें रॉबर्ट हूक यानें १६६५ सालींच 'मायक्रोग्राफिया'त नमूद केलें होतें. हे रंग पिसांतील अतिशय पातळ पारदर्शक भागांमुळें दिसतात, असें न्यूटननेंही १७०४ च्या 'ऑप्टिक्स'मध्यें लिहिलें. वाद तेथेंच मिटावयास हवा होता. परंतु १९११ सालीं मायकेल्सन यानें असें प्रतिपादन केलें कीं, हे रंग धातूंच्या किंवा अॅनिलीन रंगांच्या पृष्ठभागावरील चकाकीच्या जातीचे होत. मायकेल्सन म्हणजे कोणी सोमागोमा नव्हे! प्रकाशलहरींच्या परस्परव्यतिकरणावर ज्याची हयात गेली, ज्यास १९०७ चें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यानेंच येथें व्यतिकरण नाकारावें हा दैवदुर्विलास नव्हे तर काय? परावर्तित प्रकाशाचीं त्याचीं मापें धातूंच्या मापांशीं जुळत होतीं. अनुमान मात्र चुकलें. लॉर्ड रॅले यांनीं १९१९ मध्यें, म्हणजे आपल्या निधनाच्याच वर्षीं, विरुद्ध पक्ष उचलून धरला, व पुढें क्लाइड मेसन यानें १९२६-२७ मध्यें कीटकांच्या रंगांची बारकाईनें छाननी केली.

यांतील एक साधी कसोटी आम्हीं वर्गांत करून पाहिली आहे. कपाटांतल्या जुन्या मॉर्फोच्या पंखावर मद्यार्काचा थेंब सोडतांच निळा रंग हिरवा झाला, आणि थेंब उडून जातांच पूर्ववत् निळा! मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग यांतला खरा रंग कोणता?" त्या वेळीं आम्ही कांहींसें टाळाटाळीचेंच उत्तर दिलें.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं अँडरसन व रिचर्ड्स यांनीं १९४२ सालीं हे खवले पाहिले. प्रत्येक खवल्यावर समांतर कंगोरे असतात. कंगोरा आडवा छेदला तर आपल्या देवळापुढील दीपमाळेसारखा दिसतो, दोहों बाजूंस एकावर एक फळ्या आणि मध्यें हवा. फळ्यांवरून परतणाऱ्या निळ्या लहरी एकमेकींस बळ देतात, इतर बहुतेक क्षीण होतात. हवेच्या जागीं मद्यार्क शिरला कीं हा हिशेब बदलतो व निळ्याऐवजीं हिरव्या लहरी जुळतात. त्या मुलास सांगावयाचें राहून गेलें तें एवढेंच, कीं उरलेला प्रकाश शोषून घेणारें जें खरेंखुरें रंगद्रव्य त्या पंखांत आहे, तें काळें आहे.