न्यू यॉर्क शहरातील सार्वजनिक कार्यक्रमांची खुली विदा

न्यू यॉर्क शहरातील सार्वजनिक कार्यक्रमांची खुली विदा म्हणजे अमेरिकेतील न्यू यॉर्क शहराच्या प्रशासनाने रस्ते, चौक व उद्याने येथे होणाऱ्या कार्यक्रमांविषयी सर्वांसाठी खुल्या केलेल्या नोंदी होत. शासनाने आपल्या कामकाजात जमवलेली आणि कोणालाही विनामूल्य पाहता, उतरवून घेता व पुन्हा वापरता येईल अशी यंत्रवाचनीय माहिती 'खुली विदा' या नावाने ओळखली जाते. जत्रा, मिरवणुका, शेतकरी बाजार, धावण्याच्या शर्यती, मैदानी खेळ आणि एखाद्या गल्लीतील रहिवाशांचे स्नेहमेळावे अशा नाना प्रकारच्या कार्यक्रमांची माहिती या नोंदींतून मिळते. मात्र या नोंदींचा मूळ हेतू निमंत्रणाचा नसून परवानगीचा आहे. त्यामुळे त्यांचा उपयोग करताना त्या कोणी, कशासाठी लिहिल्या हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

न्यू यॉर्क शहराने ऑक्टोबर २००९ मध्ये 'डेटामाइन' या नावाने आपले पहिले विदा संकेतस्थळ सुरू केले. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या संघशासनाचे 'डेटा डॉट गव्ह' हे संकेतस्थळ सुरू झाले होते. पुढे शहराच्या विधिमंडळाने खुल्या विदेचा कायदा संमत केला व तत्कालीन महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी मार्च २०१२ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली. '२०१२ चा स्थानिक कायदा क्रमांक ११' असे त्याचे अधिकृत नाव आहे. शहराच्या सर्व खात्यांनी आपली सार्वजनिक विदा एकाच संकेतस्थळावर ठेवावी, ती संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात असावी आणि ती घेण्यासाठी नोंदणीची वा वापरावरील निर्बंधाची अट नसावी, ही या कायद्याची प्रमुख तत्त्वे होत. त्यामुळे पूर्वी खात्यांच्या कचेऱ्यांत पडून राहणाऱ्या परवानग्यांच्या याद्या सामान्य नागरिकांपर्यंत पोहोचल्या.

परवानगीची पद्धत

विदेचे स्वरूप समजण्यासाठी परवानगीची पद्धत लक्षात घ्यावी लागते. शहरात कार्यक्रमाचे स्थळ व प्रकार यांनुसार परवानगी देणारे खाते बदलते.

रस्ते, पदपथ व पादचारी चौक यांवरील कार्यक्रमांना 'स्ट्रीट ॲक्टिव्हिटी परमिट ऑफिस' हे कार्यालय परवानगी देते. 'ब्लॉक पार्टी' हा त्यांतील सर्वांत घरगुती प्रकार होय. यात एका रस्त्याचा एकच टप्पा एका दिवसासाठी वाहनांना बंद करून तेथील रहिवासी एकत्र जमतात. या कार्यक्रमात विक्री करता येत नाही. त्यासाठीचा अर्ज ६० दिवस आधी करावा लागतो. दुकाने मांडून भरणाऱ्या मोठ्या रस्ता-जत्रेसाठी मात्र अर्ज आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत द्यावा लागतो. अशा अर्जांवर त्या भागातील 'कम्युनिटी बोर्ड' आपले मत देते. कम्युनिटी बोर्ड हे बिनपगारी सदस्यांचे स्थानिक सल्लागार मंडळ असून शहरात अशी एकूण ५९ मंडळे आहेत.

उद्यानात २० हून अधिक व्यक्तींचा कार्यक्रम करावयाचा असल्यास उद्यान खात्याची परवानगी लागते. खेळाच्या मैदानांचे आरक्षणही हेच खाते करते. रस्त्यावरून निघणाऱ्या मोठ्या मिरवणुकांना पोलीस खाते परवानगी देते. ध्वनिवर्धक लावण्यासाठी स्थानिक पोलीस ठाण्याकडून स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो.

प्रमुख विदासंच

'परमिटेड इव्हेंट इन्फर्मेशन' हा या विषयावरील मुख्य विदासंच होय. नजीकच्या एका महिन्यात होणाऱ्या व मंजुरी मिळालेल्या कार्यक्रमांची यादी त्यात असते. कार्यक्रमाचा क्रमांक व नाव, आरंभ व समाप्तीची तारीख आणि वेळ, परवानगी देणारे खाते, कार्यक्रमाचा प्रकार, उपनगर, स्थळ, रस्ता बंद ठेवण्याचा प्रकार, कम्युनिटी बोर्ड आणि पोलीस ठाण्याचा क्रमांक असे त्याचे स्तंभ आहेत. होऊन गेलेल्या कार्यक्रमांच्या नोंदी निराळ्या ऐतिहासिक विदासंचात ठेवल्या जातात. एखाद्या वस्तीत दरवर्षी कोणते उत्सव भरतात, हे अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांना हा दुसरा संच अधिक उपयोगी पडतो.

उद्यान खात्याचे विदासंच वेगळ्या स्वभावाचे आहेत. खात्याच्या संकेतस्थळावर लोकांसाठी जाहीर केलेल्या कार्यक्रमांची माहिती त्यांत असल्याने कार्यक्रमाचे वर्णन, तो विनामूल्य आहे की नाही, संपर्क इत्यादी तपशील सापडतात. आगामी १४ दिवसांतील जाहीर कार्यक्रमांची यादीही स्वतंत्रपणे उपलब्ध आहे. थोडक्यात, पहिला संच 'कोणाला जागा दिली' हे सांगतो, तर दुसरा 'लोकांनी कशाला यावे' हे सांगतो.

माहिती शोधण्याची पद्धत

संकेतस्थळ 'सोक्राटा' या प्रणालीवर चालते. विदासंच पडद्यावरच गाळून पाहता येतो किंवा स्वल्पविरामाने विभागलेल्या मजकुराच्या धारिकेत उतरवून घेऊन तक्त्याच्या प्रणालीत उघडता येतो. संगणकीय आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी 'सोडा' नावाची जोडणी उपलब्ध आहे. तिच्या २.१ या आवृत्तीत ओळींची संख्या न सांगितल्यास केवळ पहिल्या १,००० ओळी मिळतात. हे ध्यानात न घेतल्यास अपुरी यादी पूर्ण समजली जाण्याचा धोका असतो.

उदाहरणार्थ, क्वीन्समधील जॅक्सन हाइट्स या भारतीय दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या वस्तीतील कार्यक्रम शोधायचे आहेत असे मानू. वस्तीचे नाव देणारा स्तंभ या विदासंचात नाही. त्यामुळे वस्तीचा कम्युनिटी बोर्ड क्रमांक आधी माहीत करून घ्यावा लागतो. जॅक्सन हाइट्ससाठी तो ३ आहे. परंतु केवळ ३ हा क्रमांक देऊन भागत नाही. हे क्रमांक प्रत्येक उपनगरात नव्याने सुरू होतात आणि पाचही उपनगरांत क्रमांक ३ चे मंडळ आहे. मॅनहॅटनमधील क्रमांक ३ चे मंडळ लोअर ईस्ट साइड भागाचे आहे. म्हणून उपनगर 'क्वीन्स' आणि मंडळ '३' अशी दोन्ही गाळणी एकत्र लावावी लागतात. एका ओळीत एकापेक्षा अधिक मंडळांचे क्रमांकही असू शकतात. अशा वेळी 'तंतोतंत तेच' याऐवजी 'त्यात समाविष्ट' ही अट योग्य ठरते.

त्यानंतर कार्यक्रमाचा प्रकार पाहावा. यादीतील पुष्कळ ओळी प्रौढांच्या व मुलांच्या खेळांसाठी दिलेल्या मैदान-आरक्षणाच्या असतात. त्या बाजूला काढल्यावर जत्रा, शेतकरी बाजार, धार्मिक कार्यक्रम, मिरवणूक, ब्लॉक पार्टी यांसारख्या नोंदी ठळकपणे दिसू लागतात. जॅक्सन हाइट्समधील ३४ वी ॲव्हेन्यू हा वाहनांसाठी ठरावीक काळ बंद राहून पादचाऱ्यांना खुला होणारा रस्ता आहे. अशा 'ओपन स्ट्रीट'वरील कार्यक्रमांसाठीही यादीत वेगळा प्रकार आहे.

शेवटी स्थळ तपासावे. रस्त्यावरील कार्यक्रमाचे स्थळ 'अमुक रस्ता, तमुक दोन आडव्या रस्त्यांच्या दरम्यान' असे, तर उद्यानातील स्थळ उद्यानाचे नाव व त्यापुढे मैदानाचे वा हिरवळीचे नाव असे लिहिलेले असते. एकच कार्यक्रम अनेक दिवस किंवा अनेक ठिकाणी असल्यास त्याच्या अनेक ओळी होऊ शकतात. म्हणून ओळींची संख्या म्हणजे कार्यक्रमांची संख्या असे समजू नये.

मर्यादा

परवानगीची नोंद हे सार्वजनिक आमंत्रण नव्हे. एखाद्या शाळेची सहल, कुटुंबाचा वाढदिवस किंवा चित्रीकरण हेही परवानगी घेऊन होते. परंतु तेथे परक्या माणसाने जाणे अपेक्षित नसते. हिरवळीची निगा राखण्यासाठी ती बंद ठेवल्याची नोंददेखील याच यादीत 'कार्यक्रम' म्हणून आढळते. कार्यक्रमाचे वर्णन, प्रवेशशुल्क, आयोजकाचे नाव आणि कार्यक्रम रद्द झाला आहे काय, यांसाठी मुख्य विदासंचात स्तंभ नाहीत. पावसामुळे ऐन वेळी बेत बदलल्यास केवळ या नोंदीवरून ते कळत नाही. नोंदवलेल्या वेळेत काही वेळा मांडामांडीचा व आवराआवरीचा अवधीही धरलेला असू शकतो.

याच्या उलट, यादीत नसलेला कार्यक्रम होणारच नाही असेही मानता येत नाही. सभागृहे, शाळा, प्रार्थनास्थळे व ग्रंथालये यांतील कार्यक्रमांना रस्त्याच्या वा उद्यानाच्या परवानगीची गरज नसते. शहरात न्यू यॉर्क, ब्रुकलिन व क्वीन्स अशा तीन स्वतंत्र सार्वजनिक ग्रंथालय संस्था असून त्या आपापल्या कार्यक्रमांची सूची स्वतंत्रपणे प्रसिद्ध करतात.

फ्लशिंग येथील गणेश मंदिर हे याचे बोलके उदाहरण होय. 'हिंदू टेंपल सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिका' या संस्थेच्या या मंदिराची प्रतिष्ठापना १९७७ मध्ये झाली. गणेश चतुर्थीच्या काळात मंदिरात होणारे पूजाविधी हे वास्तूच्या आत होत असल्याने परवानगीच्या यादीचा विषय ठरत नाहीत. रस्त्यावरून निघणारी रथयात्रा मात्र परवानगीच्या कक्षेत येते. एकाच उत्सवाचा एक भाग शासनाच्या नोंदीस पात्र ठरतो आणि दुसरा ठरत नाही.

निदर्शनांच्या बाबतीत ही मर्यादा विशेष महत्त्वाची आहे. पोलीस खात्याच्या नियमानुसार ५० किंवा अधिक व्यक्ती वा वाहने रस्त्यावरून मिरवणुकीने जाणार असतील तर परवाना आवश्यक असतो. पदपथावरून, वाहतुकीचे नियम पाळून व ध्वनिवर्धक न वापरता जाणाऱ्या लोकांना तो लागत नाही. त्यामुळे शहरातील लोकजीवनाचा अभ्यास केवळ परवानग्यांच्या आधारे केल्यास परवाना घेणारे संघटित गट ठळक दिसतात, तर अनौपचारिकपणे जमणारे लोक अदृश्य राहतात. ही उणीव विदेतील चुकीमुळे येत नाही. ती परवानगीच्या व्याख्येतूनच निर्माण होते.

भारतातील समांतर तरतुदी

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ यातील कलम ४ अन्वये सार्वजनिक प्राधिकरणांनी काही माहिती कोणी न मागताही स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. प्राधिकरणाने दिलेल्या सवलती, परवाने व प्राधिकारपत्रे मिळालेल्यांचा तपशील हा त्याच माहितीचा भाग आहे. केंद्र शासनाने २०१२ मध्ये राष्ट्रीय विदा सामायिकीकरण व उपलब्धता धोरण स्वीकारले आणि त्याच वर्षी 'डेटा डॉट गव्ह डॉट इन' हे संकेतस्थळ सुरू केले. मुंबई व पुणे यांसारख्या शहरांत गणेशोत्सवाच्या मंडपांसाठी महानगरपालिका परवानगी देते. अशा परवानग्यांचा तपशील यंत्रवाचनीय स्वरूपात प्रसिद्ध झाल्यास बंद रस्ते, पर्यायी मार्ग व रुग्णवाहिकांची वाट यांची माहिती नागरिकांना आगाऊ मिळू शकते.

महत्त्व

या विदेमुळे रहिवाशांना आपल्या भागातील बंद रस्त्यांची पूर्वसूचना मिळते, पत्रकारांना सार्वजनिक जागेच्या वापराची तपासणी करता येते आणि संशोधकांना उत्सवांचा भौगोलिक अभ्यास करता येतो. कार्यक्रमाला प्रत्यक्ष जाण्यापूर्वी आयोजकांनी दिलेली माहिती ताडून पाहणे मात्र इष्ट असते. सार्वजनिक जागा कोणत्या दिवशी व कोणत्या कारणासाठी राखून ठेवली गेली, याची उघड नोंद सर्वांना पाहता येणे हे या विदेचे सर्वांत मोठे मोल मानले जाते. त्या जागेवर प्रत्यक्षात काय घडले, याचा पुरावा इतरत्र शोधावा लागतो.