क्षयाच्या वॉर्डातून आलेली गोळी

मधुमेहामुळे पायांची आग होते म्हणून रुग्ण डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर नैराश्यावरची गोळी लिहून देतात आणि रुग्ण दुखावतो. 'म्हणजे माझं दुखणं मनाचं?' अशा वेळी मला या औषधांचा इतिहास सांगावासा वाटतो. त्यांतल्या अगदी पहिल्या औषधांपैकी एक क्षयाच्या वॉर्डातून आले आहे.

१९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवे औषध दिले गेले. खाटेला खिळलेली माणसे हसू-बोलू लागली, पोटभर जेवू लागली. हा गुण हेरून १९५७ मध्ये नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी ते नैराश्यावर वापरले. मात्र यकृताला इजा होते असे दिसल्याने १९६१ मध्ये अमेरिकेत ते मागे घेण्यात आले.

त्याच वर्षी तिथे अमिट्रिप्टिलीन हे नैराश्यावरचे औषध बाजारात आले. आज ते कमी मात्रेत मज्जातंतूंच्या वेदनेवरही देतात. रुग्ण उदास असो वा नसो. कारण ते वेदनेचे संदेश थोपवणाऱ्या शरीराच्या यंत्रणेला बळ देते. गुण सर्वांनाच येतो असे नाही. तोंडाला कोरड पडते, झापडही येते.

दीर्घ आजारात मन खचतेही, आणि त्यावर उपचार घेण्यात कमीपणा नाही. पण गोळी वेदनेसाठी आहे की मनासाठी, हे डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगायला हवे. त्यांनी सांगितले नाही, तर आपण विचारावे. न विचारता गोळी फेकून दिली, तर दुखणे तेवढे आपल्याकडे उरते.