आजोबांची पद्मिनी: जशी आहे तशी ठेवायची, की बदलायची?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात जे आलं ते बरंचसं तसंच ठेवलंय.)

 

आजचा विषय मी निवडलेला नाही, तो एका श्रोत्याने दिलाय. साताऱ्याकडचा मुलगा, तेवीस-चोवीस वर्षांचा. त्याचा व्हॉइस मेसेज आला: "दादा, आजोबांची १९७७ ची पद्मिनी आहे. आजोबा गेले त्याला तीन वर्षं झाली. गाडी शेडमध्ये उभी आहे. मित्र म्हणतात, आतलं सगळं काढ, आजच्या गाडीचं इंजिन टाक, अलॉय व्हील लाव, मॅट ब्लॅक मार, रील बनव. काका म्हणतात, एका स्क्रूलाही हात लावायचा नाही, आजोबांची आठवण आहे. आणि एक गॅरेजवाला म्हणतो, सगळी उघडून शोरूममधून निघाली तशी करून देतो. घरात रोज वाद. तू इतिहासाचं बोलतोस ना? मग सांग, ओरिजिनल म्हणजे नक्की काय?"

मी तो मेसेज तीनदा ऐकला. कारण प्रश्न गाडीचा वाटतो, पण तो इतिहासाचाच आहे. एखादी जुनी गोष्ट जपायची म्हणजे तिचं नेमकं काय जपायचं?

चला, आधी या गाडीचीच कुंडली काढू.

गाडी इटलीची, पत्ता कुर्ल्याचा

वालचंद हिराचंद हे नाव ऐकलं असेल. सोलापूरचा माणूस. जहाजं काढली, बंगळूरला विमानाचा कारखाना काढला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. सुरुवात झाली अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडण्यापासून. मग पन्नासच्या दशकात फियाट आली. त्यातली ती गोलमटोल फियाट ११०० तुमच्या आजोबांना विचारा. लोक तिला 'डुक्कर फियाट' म्हणायचे. चिडवून नाही हं, लाडाने!

१९६४ च्या सुमारास आली फियाट ११०० डी. चौकोनी अंगाची, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या बाजूला गिअरचा दांडा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. इटलीत हे मॉडेल दोन वर्षांत बंद झालं. आपल्याकडे मात्र तीच गाडी पुढे तीस-पस्तीस वर्षं बनत राहिली. फक्त नाव बदललं. सत्तरच्या दशकात फियाटचं नाव गेलं, आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं आणि मग 'प्रीमियर पद्मिनी'.

तो परवान्यांचा जमाना होता. कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवणार. गाडी बुक करायची आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यामुळे एकदा मिळालेली गाडी लोक सोडत नसत. बिघडली की दुरुस्त करायची. पार्ट नाही मिळाला तर लेथवर बनवून घ्यायचा, नाहीतर दुसऱ्या गाडीचा बसवायचा. आपल्याकडचे मेकॅनिक या गाडीवर शिकले असं म्हटलं तरी चालेल.

आता इथे थांबा जरा. या गाडीचा सगळा इतिहासच दुरुस्तीचा आहे. मग 'ओरिजिनल पद्मिनी' म्हणजे कुठली? इटलीच्या चित्रातली? कुर्ल्याच्या गेटमधून निघाली तेव्हाची? की तीस वर्षं रस्त्यावर चालून, चार वेळा इंजिन उघडून जी झाली ती?

काळी-पिवळी काय सांगते?

सगळ्यात प्रसिद्ध पद्मिनी म्हणजे मुंबईची टॅक्सी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी सगळ्यांचे स्टेटस आठवतायत? मीही टाकलं होतं.

समजा उद्या त्यातली एक टॅक्सी म्युझियममध्ये ठेवायची आहे. कुठल्या रूपात ठेवणार? कारखान्यातून निघालेली साधी पेट्रोल गाडी म्हणून? पण मुंबईच्या कित्येक टॅक्सींनी मध्ये डिझेलचं इंजिन घेतलं, कारण धंद्याला ते परवडायचं. मग धुराचा प्रश्न हायकोर्टात गेला आणि टॅक्सी सीएनजीवर आल्या. डिकीत टाकी बसली. बॅग ठेवायला जागा नाही म्हणून वर कॅरिअर आलं. बॉनेटच्या कडेला असलेला, हाताने फिरवायचा मीटर जाऊन आत लाल आकड्यांचा मीटर आला.

यातलं काहीच कंपनीने दिलेलं नव्हतं. पण ती सीएनजीची टाकी 'ओरिजिनल नाही' म्हणून काढून टाकली, तर मुंबईने आपली हवा सुधारायला काय केलं त्याचा एक पुरावाच आपण भंगारात दिला. बरोबर ना?

घरातली गोधडी आठवा. फाटलं की आजी एक तुकडा लावणार. कधी जुन्या लुगड्याचा, कधी बाबांच्या शर्टाचा. पंधरा वर्षांनी पहिलं कापड कुठे आहे ते शोधावं लागतं. पण कोणी म्हणतं का, ही गोधडी ओरिजिनल नाही?

कोर्टात गेलेली एक कोटी पौंडांची गोधडी

तुम्ही म्हणाल, गोधडीचं ठीक आहे, पण गाडीच्या बाबतीत असं चालतं का? तर मंडळी, नेमका हाच प्रश्न लंडनच्या हायकोर्टात गेला होता. १९९० साली.

गाडी होती बेंटली. टोपणनाव 'ओल्ड नंबर वन'. फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत या गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकली. नंतर तिच्यात बदल होत गेले. १९३२ मध्ये तिच्यात मोठं, आठ लिटरचं इंजिन बसवून ती इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर उतरवली. तिथे ती उतरत्या ट्रॅकच्या वरच्या कडेवरून बाहेर गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी जागीच गेला. मग तीच गाडी पुन्हा बांधली, या वेळी रस्त्यावर चालवायची बंद टपाची कार म्हणून.

पुढे या गाडीचा सौदा झाला एक कोटी पौंडांना. आणि घेणारा अडून बसला. म्हणाला, यात ल माँ जिंकलेल्या गाडीचं उरलंय काय? इंजिन ते नाही, सांगाडा तो नाही, बॉडी ती नाही. ही ओल्ड नंबर वन नाहीच!

आणि भागांच्या हिशेबाने त्याचं खरं होतं. १९२९-३० चे अगदी मोजके भाग उरले होते. पण न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ही गाडी कधी मोडून संपली आणि मग कोणी नवी बनवली, असं झालेलं नाही. ती सलग जगत आली, बदलत आली. प्रत्येक बदलाची नोंद आहे. आणि 'ओल्ड नंबर वन मीच' असं म्हणणारी दुसरी गाडी जगात नाही. म्हणून हीच ती.

म्हणजे कोर्टाने पार्ट मोजले नाहीत, तर आयुष्य सलग आहे का ते पाहिलं.

यावरून कोणी म्हणेल, "बघा, बदल चालतात! टाक इंजिन!" थांबा, इतकं सोपं नाही. ओल्ड नंबर वनचे बदल तिच्या कामातून आले होते. शर्यत जिंकायची होती म्हणून, अपघात झाला म्हणून. आणि ते त्याच काळातले होते. अमेरिकेतही दुसऱ्या महायुद्धानंतर पोरांनी १९३२ च्या स्वस्त फोर्ड घेतल्या, मडगार्ड काढली, इंजिनं वाढवली. त्यांना हॉट रॉड म्हणतात. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. आज त्या काळच्या हॉट रॉड आहेत तशाच जपल्या जातात. पण पन्नास वर्षं जपून राहिलेली गाडी आज एका रीलसाठी कापणं ही वेगळी गोष्ट आहे. तेव्हा अशा फोर्ड ढिगाने होत्या. १९७७ ची, एकाच घरात राहिलेली पद्मिनी आता ढिगाने नाही.

मग नियम काय म्हणतात?

जुन्या गाड्यांची एक जागतिक संघटना आहे, फिवा. तिने २०१३ च्या सुमारास 'ट्युरिन चार्टर' नावाची सनद स्वीकारली. ट्युरिन म्हणजे फियाटचंच गाव, योगायोग बघा. जुन्या वास्तू जपण्यासाठी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली होती, तिच्याच धर्तीवर ही गाड्यांसाठी. तिचं सार असं: वापराच्या खुणा हाही गाडीचा इतिहास आहे. बदल कमीत कमी करा. करावाच लागला तर असा करा की उद्या तो काढून मूळ रूप परत आणता येईल. आणि काढलेला मूळ पार्ट गाडीबरोबर जपून ठेवा.

आता आपला कायदा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध जाईल असा बदल गाडीत करता येत नाही. सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट बसवायची वाट आहे, पण किट मान्यताप्राप्त हवं आणि आरसीवर नोंद हवी. मित्राच्या गॅरेजमध्ये रात्रीत टाकलेलं इंजिन यात बसत नाही.

आणि जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी, जिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठी फेरफार नाही, तिला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. मात्र मग ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, अशा कामांपुरतीच.

हिशेब करा. १९७७ ची गाडी २०२७ मध्ये पन्नाशीला येते. आज इंजिन बदललं, पत्रा कापला, तर ते दार कायमचं बंद.

तर मित्रा, तुझ्यासाठी

गंमत बघ. मित्र आणि तो गॅरेजवाला, दोघं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. पण दोघंही एकच गोष्ट पुसणार आहेत: आजोबा. मॅट ब्लॅक रंगाखाली आजोबा जातात आणि 'शोरूम कंडिशन'च्या नव्या रंगाखालीही जातात. त्यांचा हात टेकून गुळगुळीत झालेली दाराची कड, डॅशबोर्डवर त्यांनी चिकटवलेला गणपती, बाजारातून आणून बसवलेला छोटा पंखा. हे कुर्ल्याहून आलं नव्हतं. पण तुमच्या गाडीत ओरिजिनल काही असेल, तर तेच आहे.

आणि काकांचंही पूर्ण बरोबर नाही. हात न लावता शेडमध्ये ठेवलेली गाडी जपली जात नाही, ती हळूहळू सडते. ब्रेकचे रबर कडक होतात, टाकीला आतून गंज लागतो, वायरिंग उंदीर खातात.

म्हणून मी स्वतःला एकच प्रश्न विचारला असता: हे मला उद्या परत फिरवता येईल का?

पेट्रोलचे रबरी पाइप बदलायचेत? बिनधास्त बदल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुनं रबर त्याला टिकेलच असं नाही. टायर, ब्रेकचे रबर, वायरिंग, हे तर करायलाच हवं, जिवाचा प्रश्न आहे. सीट बेल्ट लाव. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकायचंय? टाक, जुना भाग डब्यात ठेव. सीटचं फाटलेलं कापड? वर कव्हर घाल, खालचं फाडू नको. पण पत्रा कापणं, सांगाड्याला वेल्डिंग करून नवं इंजिन बसवणं, सगळा रंग घासून काढणं, याला परतीचं तिकीट नाही. गंजाने पत्रा खाल्लाच असेल तर तेवढाच तुकडा बदल, आणि आधी फोटो काढ.

आणि एक वही कर. काय बदललं, कधी, कोणी. काढलेला पार्ट भंगारवाल्याला देऊ नको, चिठ्ठी लावून ठेव. लंडनच्या कोर्टात ती बेंटली अशा नोंदींच्या जोरावरच उभी राहिली होती.

त्या वहीचं पहिलं पान मात्र काकांकडून लिहून घे. आजोबांनी गाडी कधी घेतली, पहिल्यांदा कुठे नेली, पंखा कधी बसवला. पार्ट शोधले तर कुठेतरी मिळतील. हे काकांशिवाय कुणाकडे मिळणार नाही, आणि काकाही कायमचे नाहीत.

तर मंडळी, तुमच्या घरी अशी एखादी गाडी, स्कूटर, अगदी लुनासुद्धा उभी असेल, तर आज घरी विचारा तिच्याबद्दल. आणि ऐकलेलं आम्हालाही व्हॉइस मेसेजवर पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर गाडी सावकाश चालवा, आणि बेल्ट लावा!